थिएटर पाईप ऑर्गन: ऐकायची सुरुवात कुठून करावी, आणि घरी वाजवता येतो का?

सूरपेटी:
नमस्कार मंडळी. पेटी वाजवतो, नाट्यसंगीताच्या साथीचा सराव आहे. सध्या इंटरनेटवर अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या जुन्या चित्रपटगृहांतले पाईप ऑर्गन ऐकतोय आणि हा आवाज डोक्यातून जात नाही. आता हा छंद नीट करायचा आहे. प्रश्न असे:

१. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन आणि हा ऑर्गन यांत नातं काय?
२. ऐकताना नेमकं काय ऐकायचं? सगळे सूर एकदम अंगावर येतात, काहीच वेगळं काढता येत नाही.
३. घरी ६१ पट्ट्यांचा साधा अरेंजर कीबोर्ड, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि बरे हेडफोन आहेत. एवढ्यावर काही वाजवता येईल का?
४. नाट्यपद या वाद्यावर बसतं का?
५. पालो आल्टो आणि लंडनला जाणं होणार आहे. तिथे प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

पाईपघर:
पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो, कारण ते सुटले की पुढचं सोपं जातं.

गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून आपण ज्याला ऑर्गन म्हणतो ते वाद्य पायाने भाता मारून चालतं आणि त्यात पितळी सूर असतात. म्हणजे कूळ पेटीचंच. थिएटर ऑर्गनमध्ये सूर पाईपांतून निघतो. काही पाईप बासरीसारखे ओठांवर वाजतात, काहींच्या तळाशी जिभाळी (कंपणारी पातळ धातूची पट्टी) असते आणि वरचा नळा तिच्या आवाजाला रूप देतो. हवा विजेच्या पंख्यातून येते. तेव्हा वाद्य म्हणून नातं लांबचं. कामाचं नातं मात्र अगदी जवळचं, कारण दोन्ही वाद्यं साथसंगतीला वापरली गेली. आपल्याकडे मूकपटाला पेटी-तबल्याची साथ असायची, तिकडे तेच काम एकटा ऑर्गनवादक करायचा. पाठलाग, प्रेमप्रसंग, आगीचा बंब, घोड्यांच्या टापा, सगळं एका बाकावरून.

थिएटर ऑर्गन मुळात घडवला रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रजाने. टेलिफोनच्या कामातला माणूस, म्हणून त्याने पट्टी आणि पाईप यांच्यामध्ये तार घातली. पट्टी दाबली की विद्युत्‌चुंबक चालतो, तो हवेची छोटी वाट उघडतो, आणि त्या हवेच्या जोरावर पाईपखालची झडप उघडते. त्यामुळे वाजवणारा एकीकडे आणि पाईप पन्नास फुटांवर, असं करता आलं. १९१० साली तो वुर्लिट्झर कंपनीत गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाच्या त्यांच्या कारखान्यातून पुढे दोन हजारांहून अधिक वाद्यं बाहेर पडली. १९२७ नंतर बोलपट आले आणि मागणी बसली.

आता ऐकायचं काय. पाईपांच्या एका जातीच्या पूर्ण रांगेला रँक म्हणतात. '३/१४' असं लिहिलेलं दिसलं की तीन मॅन्युअल, म्हणजे हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या तीन ओळी, आणि चौदा रँक असं वाचायचं. पुढ्यात आवाज निवडायचे शंभराहून जास्त रंगीत टॅब दिसतात, पण त्यामागे रँक दहा-पंधराच असतात. होप-जोन्सची युक्ती अशी की एकच रँक वेगवेगळ्या सप्तकांत वापरायचा. पेटीवाल्याला हे लगेच कळेल. ८ फुटी म्हणजे पट्टीवरचाच सूर, १६ फुटी म्हणजे खालचं सप्तक, ४ फुटी वरचं, २ फुटी त्याच्याही वरचं. ६१ पट्ट्यांसाठी चार स्वतंत्र रँक बनवले तर २४४ पाईप लागतील. एकच रँक लांबवला तर ६१ अधिक प्रत्येक वाढीव सप्तकाला १२, म्हणजे ९७ पाईपांत भागतं.

या काटकसरीची किंमतही आहे. ८ आणि ४ फुटी टॅब लावून तुम्ही मध्य सा आणि तार सा एकत्र दाबलेत, तर मध्य सा चा ४ फुटी आवाज आणि तार सा चा ८ फुटी आवाज एकाच पाईपातून येतात. चार आवाज ऐकू यायला हवेत तिथे तीनच येतात. म्हणून भरगच्च स्वरसंगती कधी कधी अचानक पोकळ वाटते. चांगला वादक हे ओळखून बोटं पसरून ठेवतो.

ऐकण्याची सुरुवात एकाच आवाजापासून करा: टिबिया क्लॉसा. जाड लाकडी पाईप, वरून बुच मारलेला. बंद तोंडामुळे पाईप निम्म्या उंचीत तोच सूर देतो आणि त्यात मूळ स्वर जवळजवळ एकटाच उरतो. गोल, भरलेला, थोडा गंभीर आवाज. थिएटर ऑर्गनचा जो 'हुंकार' तुमच्या डोक्यात बसलाय तो हाच. तो ओळखू आला की त्याच्याशेजारी व्हॉक्स ह्यूमाना शोधा. आखूड नळ्यांचा जिभाळीचा पाईप, एकटा ऐकला तर मेंढरासारखा बेंबटतो, पण टिबियाबरोबर लावला की दोघं मिळून गाणाऱ्या गळ्यासारखे होतात. मंद गतीच्या गाण्यात नव्वद टक्के वेळा हीच जोडी ऐकू येते. मग व्हायोलसारखे बारीक धातूचे पाईप, ज्यांची एक रांग मुद्दाम किंचित चढी ठेवतात म्हणजे दोघींत लहर उठते. मग ट्रम्पेट, ट्यूबा. किनुरा शेवटी, ती डासासारखी गुणगुणते आणि विनोदी जागी वापरतात.

टॅबचे रंगही लक्षात ठेवा. वुर्लिट्झरवर पांढरे म्हणजे बासरी आणि डायपेसन कुळातले, पिवळे म्हणजे तंतुवाद्यासारखे, लाल म्हणजे जिभाळीचे, काळे म्हणजे कपलर, म्हणजे मॅन्युअल एकमेकांना जोडणारे. व्हिडिओत वादकाचा हात कुठल्या रंगावर गेला हे पाहिलं की कान आपोआप तयार होतात.

खर्जातला:
वरच्या प्रतिसादात ट्रेम्युलंट राहिला, आणि माझ्या मते हा सगळा खेळच त्याचा आहे.

हवेच्या नळाला एक यंत्र जोडलेलं असतं, ते सेकंदाला साधारण सहा-सात वेळा थोडी हवा झटक्याने सोडतं. त्यामुळे दाब हलतो, आणि दाब हलला की सूर आणि आवाजाची पातळी दोन्ही एकत्र हलतात. म्हणून तो हार्मोनियमच्या किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या कंपासारखा वाटत नाही. चर्चच्या ऑर्गनमध्येही ट्रेम्युलंट असतो, पण तिथे हवेचा दाब साधारण तीन-चार इंच पाण्याइतका. वुर्लिट्झरमध्ये बहुतेक रँक १० इंचांवर, व्हॉक्स ह्यूमाना ६ वर, ट्यूबासारखे मोठे १५ किंवा त्याहून वर. एवढ्या दाबावर झटका दिला की टिबिया अक्षरशः श्वास घेतो. मोठ्या वाद्यात टिबियाचा, व्हॉक्सचा आणि बाकीच्यांचा ट्रेम्युलंट वेगळा असतो, त्यांची गती किंचित वेगळी ठेवलेली असते. सगळे एका लयीत हलायला लागले तर आवाज लंगडतो, गरगरल्यासारखं होतं. ज्यांना पहिल्यांदा हा ऑर्गन आवडत नाही, त्यांनी बहुधा असा वाईट जुळवलेला ट्रेम्युलंट ऐकलेला असतो.

डोनाल्ड लेस्लीने त्याचा फिरता स्पीकर बनवला तो हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनला थिएटर ऑर्गनचा हाच आवाज यावा म्हणून. तिकडून ऐकलंत तर इकडचं मूळ कळतं.

एक प्रयोग करा. एकाच वादकाचं एक मंद गाणं आणि एक मार्च पाठोपाठ ऐका. मार्चमध्ये ट्रेम्युलंट बंद असतो. तेव्हा तेच पाईप ताठ, ब्रास बँडसारखे वाटतात. हा फरक कानाला दिसला की पुढे कुठल्याही ध्वनिमुद्रणात 'आत्ता ट्रेम्युलंट काढला' हे कळतं.

आणि कृपया मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. १६ फुटी पेडलचा, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा, सगळ्यात खालचा सूर पांढरी एक, सुमारे ३३ हर्ट्झचा. मोबाईलला तो झेपत नाही, आणि मग वरचे आवाज कर्कश वाटतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये व्हायोलची लहर चिखलासारखी होते, निदान २५६ घ्या.

काळीपाच:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, येईल, आणि आहे त्या सामानात.

सुरुवात मिडित्झर या मोफत सॉफ्टवेअरने करा. ते वुर्लिट्झरच्या दोन मॅन्युअलच्या स्टाइल २१६ वर बेतलेलं आहे. पडद्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा कन्सोल, म्हणजे वादकासमोरचा पट्ट्या-टॅबचा भाग, दिसतो, टॅब माऊसने खालीवर होतात. ८ जीबी रॅमला ते जड नाही. हाउप्टवेर्क हे याच्या पुढचं, विकतचं. त्यात खऱ्या वाद्याचा एकेक पाईप ध्वनिमुद्रित केलेला असतो, आणि चांगल्या थिएटर संचात ट्रेम्युलंटसह आणि ट्रेम्युलंटविना असे दोन वेगळे नमुने. म्हणून रॅम जवळजवळ दुप्पट लागते. दहा रँकांच्या संचाला ८ जीबीत ओढाताण होईल, १६ पासून पुढे विचार करा. ग्रँडऑर्ग हेही मोफत आहे, पण त्यासाठी मिळणारे संच बहुतेक चर्चच्या वाद्यांचे. थिएटरसाठी मिडित्झरच बरं.

जोडणी: कीबोर्डची यूएसबी लॅपटॉपला लावा. विंडोज असेल तर साध्या ड्रायव्हरवर पट्टी दाबल्यानंतर आवाज यायला उशीर होतो, म्हणून एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर घाला. ४८ किलोहर्ट्झला बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा तुकडा) २५६ ठेवलात तर त्या पायरीचा उशीर ५ मिलिसेकंदांच्या आसपास, ५१२ ला ११ च्या आसपास. दोन्ही चालतात. १०२४ ला बोट आणि सूर वेगळे पडल्यासारखे वाटतात. बफर फार कमी केला की तडतड ऐकू येते, तेव्हा एक पायरी वर या.

सुरुवातीचं टॅब मांडून देतो. खालच्या मॅन्युअलला, ज्याला अकम्पनिमेंट म्हणतात, कॉन्सर्ट फ्लूट ८, व्हायोल ८ आणि व्हॉक्स ८. वरच्या सोलोला टिबिया ८ आणि व्हॉक्स ८. पेडलला बूर्डन १६ (बासरी कुळातला खर्ज) आणि फ्लूट ८. ट्रेम्युलंट सगळे चालू. स्वेल पेडल (आवाज लहान-मोठा करायचं) एक तृतीयांश उघडं. एकच कीबोर्ड असेपर्यंत एका वेळी एकच मॅन्युअल वाजवा; दुसरं आलं की डाव्या हाताने खाली स्वरसंगती धरा, उजव्याने वर एकेक स्वर. हे जमलं की सोलोवर टिबिया ४ वाढवा, मग २ २/३. शेवटचं हे वरच्या सप्तकातला पंचम देतं, त्याने टिबियाला चमक येते. तो एकटा कधीच लावायचा नाही.

पेटीची सवय दोन ठिकाणी उपयोगी पडते आणि एका ठिकाणी आड येते. बोटं जोडून वाजवणं तुम्हाला येतंच, इथे तेच लागतं, कारण बोट उचललं की पाईप लगेच थांबतो. पट्टीवर बोट ठेवून बोट बदलणंही येत असेल. आड येतो तो डावा हात. तो भात्यावर असतो, त्याला स्वरसंगतीची सवय नसते. पहिले काही आठवडे फक्त डावा हात, आणि पायाच्या पट्ट्या असतील तर डावा पाय, उजवा हात बिलकूल नाही, असं बसा.

सूरपेटी:
मिडित्झर घातलं. आवाज आला आणि खरंच टिबिया ओळखू आला! पण तीन अडचणी. (अ) ऑर्गनबरोबर कीबोर्डचा स्वतःचा पियानोही वाजतो. (आ) कधी कधी मी न दाबलेले स्वर ऐकू येतात. (इ) सस्टेन पेडल स्वेलसाठी लावलं तर आवाज एकदम पूर्ण मोठा नाहीतर पूर्ण लहान, मधलं काही नाही.

काळीपाच:
(अ) कीबोर्डच्या मिडी (वाद्य आणि संगणक यांच्यातल्या संदेशांची पद्धत) किंवा फंक्शन मेनूत 'लोकल' नावाचा पर्याय शोधा आणि बंद करा. म्हणजे पट्ट्या फक्त लॅपटॉपशी बोलतात, आतल्या आवाजाशी नाही. लहान कीबोर्डवर हा पर्याय नसेल तर आवाजाची चावी शून्यावर आणा. यूएसबीतून जाणाऱ्या संदेशांवर त्याचा परिणाम होत नाही.

(आ) अरेंजर कीबोर्ड ताल आणि साथ वेगळ्या वाहिन्यांवर पाठवतो. स्टाइल पूर्ण बंद करा, ड्युअल आवाज आणि हार्मनी काढा. कीबोर्ड फक्त पहिल्या वाहिनीवर पाठवेल असं करा, आणि सॉफ्टवेअरमध्ये सोलोला तीच वाहिनी द्या.

(इ) सस्टेन पेडल म्हणजे नुसता बटणासारखा स्विच. स्वेलला एक्स्प्रेशन पेडल लागतं, जे सतत बदलणारा आकडा पाठवतं. तुमच्या कीबोर्डला त्याची खाच नसेल तर त्यात घुसवून उपयोग नाही. तोवर लहानसा यूएसबी मिडी कंट्रोलर घेऊन त्याची सरकपट्टी स्वेलला जोडा. हाताने सरकवावी लागते, पण सवय होते.

आणि एक: तुम्ही पट्टी हळू दाबा की जोरात, पाईपाला काही फरक पडत नाही. तेव्हा जोर लावू नका. मनगट दुखायला लागलं तर समजा की तुम्ही पियानो वाजवताय. म्हणूनच वजनदार पट्ट्यांपेक्षा हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड या कामाला चांगला.

दुसरं मॅन्युअल घ्यायचं असेल तर ६१ पट्ट्यांचा कुठलाही जुना मिडी कीबोर्ड चालतो. दोन्हींमध्ये उंचीचं अंतर फार ठेवू नका. वरचा खालच्यावर थोडा पुढे झुकलेला असला पाहिजे, कारण उजव्या हाताची चार बोटं वर असताना अंगठ्याने खालच्या मॅन्युअलवरचा स्वर घेणं ही या वाद्यातली मोठी गंमत आहे. मध्ये चार इंचांची भिंत असली की ती जमत नाही.

खर्जातला:
नाट्यपदाबद्दल. बसतं, पण सगळं नाही.

आधी पट्टी. वाद्य ४४० ला जुळवलेलं, म्हणजे काळी एक २७७ हर्ट्झ. तुमची पेटी थोडी चढी असेल, किंवा गंधार उतरवून घेतलेला असेल, तर दोन्ही एकत्र लावू नका. ट्रेम्युलंट चालू असताना फरक लपतो, बंद केला की लगेच बोचतो. तबला मात्र ऑर्गनला मिळवून घ्यायचा, उलट नाही.

मींड नाही. हे आधी मान्य करावं लागतं. टिबियावर कणस्वर मात्र सुंदर येतो: आधीचा स्वर अगदी क्षणभर पुढच्यावर चढू द्या, दोन्ही एकत्र ऐकू येतात, आणि ट्रेम्युलंटमुळे सांधा पुसला जातो. जेसी क्रॉफर्ड, जो न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरच्या ४/३६ वुर्लिट्झरवर १९२६ पासून बसायचा, तो एका स्वरावरून दुसऱ्यावर असा घसरत जायचा की पट्ट्यांचं वाद्य आहे हे विसरायला होतं. त्याची ध्वनिमुद्रणं याच एका गोष्टीसाठी ऐका.

पहाडी, मांड, भूप यांतली पदं चांगली उतरतात. दरबारीचा आंदोलित गंधार इथे येत नाही, त्याच्या नादी लागू नका. आणि डाव्या हाताने पूर्ण स्वरसंगती धरण्याचा मोह टाळा. षड्ज-पंचम एवढंच धरा, पेडलवर बूर्डनचा षड्ज, आणि आधार म्हणून व्हायोल अगदी हलका. म्हणजे तंबोऱ्यासारखी पार्श्वभूमी तयार होते आणि सोलोला जागा मिळते. तीव्र-कोमल स्वर बदलणाऱ्या पदाखाली पाश्चात्त्य स्वरसंगती घातली की पद बिघडतं.

भात्याने जो चढ-उतार करता तो इथे उजव्या पायाने. पाईप एका बंद खोलीत असतात आणि त्या खोलीच्या दारावर लाकडी झडपा. स्वेल पेडल त्या झडपा उघडतं. झडपा पूर्ण उघड्या ठेवून वाजवणं ही नवशिक्याची पहिली चूक. मग वर जायला काहीच उरत नाही.

पाईपघर:
शेवटचा प्रश्न, कुठे ऐकायचं.

पालो आल्टोत स्टॅनफर्ड थिएटर. १९२५ चं, १९८९ मध्ये पुन्हा सजवून उघडलेलं, जुने चित्रपट दाखवतात आणि खेळांच्या आगेमागे वुर्लिट्झर वाजतो. वेळापत्रक बघूनच जा. शक्य झालं तर ऑकलंडच्या पॅरामाउंट थिएटरचा ४/२७ वुर्लिट्झरही पाहा. अमेरिकेत आणखी फिरणार असाल तर अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावात एक पिझ्झाचं दुकानच ऑर्गनभोवती बांधलेलं आहे, ऑर्गन स्टॉप पिझ्झा. सहा हजारांच्या आसपास पाईप, त्यातले कित्येक काचेमागे डोळ्यांना दिसतात. झडपा उघडताना, झायलोफोनचे हातोडे पडताना बघायला याहून चांगली जागा नाही. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये १९३२ चा ५८ रँकांचा वुर्लिट्झर आहे, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकेक कन्सोल.

लंडनमध्ये ब्रेंटफर्डचं म्युझिकल म्युझियम. किंग्स्टनच्या रीगल चित्रपटगृहातला वुर्लिट्झर तिथे बसवलाय, मैफली आणि मूकपट दोन्ही होतात. लेस्टर स्क्वेअरच्या ओडियनमध्ये १९३७ चा पाच मॅन्युअलचा कॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीचा ऑर्गन आहे, पण तो रोज वाजत नाही. एक दिवस काढता आला तर ब्लॅकपूल गाठाच. टॉवर बॉलरूममध्ये लोक ऑर्गनवर नाचतात, आणि नाचणाऱ्यांच्या पायांसाठी वाजवलेला ऑर्गन ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. रेजिनल्ड डिक्सन तिथे १९३० ते १९७० वाजवत होता. त्याची उड्या मारणारी, ठसठशीत लय अमेरिकन पद्धतीच्या अगदी उलट. क्रॉफर्ड आणि डिक्सन पाठोपाठ ऐकले की एकाच वाद्याची दोन घराणी कळतात. जॉर्ज राइट तिसरं, त्याची १९५० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं घ्या, टॅब बदलून आवाज पालटण्याची कल्पकता त्याच्याइतकी कुणाची नाही.

बसायचं कुठे हेही महत्त्वाचं. अमेरिकन थिएटरांत पाईपांच्या खोल्या बहुतेक वेळा रंगमंचाच्या दोन बाजूंना वर, जाळीमागे असतात. पुढच्या खुर्च्यांवर बसलात तर आवाज डोक्यावरून जातो. बाल्कनीच्या पहिल्या काही रांगा, अगदी मध्यावर, ही उत्तम जागा. लेस्टर स्क्वेअरला उलट, तिथे पाईप रंगमंचाखाली आहेत, तेव्हा खालीच बसा.

संस्था दोन लक्षात ठेवा: अमेरिकेत १९५५ पासूनची अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी, ब्रिटनमध्ये १९५२ पासूनची सिनेमा ऑर्गन सोसायटी. गावोगावच्या मैफलींची माहिती त्यांच्याकडून मिळते.

झडपवाला:
मैफलीला जाल तेव्हा मध्येच काही बिघडलं तर काय चाललंय हे कळावं म्हणून थोडं.

एखादा सूर अडकून वाजतच राहिला, त्याला सायफर म्हणतात. चुंबकाच्या लहानशा चकतीवर धुळीचा कण बसला की ती पूर्ण मिटत नाही आणि हवा चालूच राहते. वादक बहुतेक वेळा तो रँक असलेले टॅब काढून पुढे जातो. उलट एखादा सूर वाजलाच नाही तर गुंडाळी जळलेली किंवा आतलं चामडं फाटलेलं. या वाद्यात हजारो छोटे भाते पातळ चामड्याचे असतात. ते कोरडं पडतं, कडक होतं, भेगाळतं. जुना ऑर्गन पुन्हा उभा करायचा म्हणजे मुख्य काम हे चामडं बदलणं. पाईप शंभर वर्षं टिकतात, चामडं टिकत नाही.

दुसरं तापमान. बासरी कुळातल्या पाईपांचा सूर एका अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट चढतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). जिभाळीचे पाईप फारसे हलत नाहीत. पाच अंशांचा फरक पडला की पंधरा सेंट, म्हणजे टिबिया आणि ट्रम्पेट एकमेकांपासून स्पष्ट सुटतात. म्हणून जुळवणी मैफलीच्या वेळेच्या तापमानाला आणि ट्रेम्युलंट बंद ठेवूनच करतात. बासऱ्या हजारो, जिभाळ्या कमी, तेव्हा जिभाळ्याच बासऱ्यांना मिळवून घेतात. हिवाळ्यात थंड थिएटरात पहिली दोन गाणी बेसूर वाटली तर वादकाला दोष देऊ नका, सभागृह गरम होऊ द्या.

तिसरं, अंतर. पाईप दहा मीटर लांब असला तर सूर वादकाच्या कानापर्यंत यायला २९ मिलिसेकंद लागतात, वर पाईपाचा स्वतःचा उशीर. म्हणून मोठे वादक कानावर नाही, बोटांवर लय धरतात.

सूरपेटी:
झडपवाला, मग घरी बफरची इतकी चिंता का करायची? खऱ्या वाद्यालाही उशीर आहेच की.

झडपवाला:
कारण खऱ्या वाद्यात उशीर एकाच जागी, एकाच प्रमाणात असतो आणि हात त्याला सरावतो. लॅपटॉपचा उशीर कमीजास्त होत राहिला तर हात कशालाच सरावत नाही. ५१२ वर ठेवा, तडतड नसेल तर आकडा पुन्हा बदलू नका. वाय-फाय आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद करून वाजवा, आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरीवर तो गती कमी करतो. चार्जरमुळे हेडफोनमध्ये घूं असा आवाज आला तर लॅपटॉपच्या खाचेऐवजी बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा, त्यातून तो बहुतेक जातो.

काळीपाच:
इंटरफेस घेणारच असाल तर त्याच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरा, सगळ्यांना चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर काढून टाका. दोन्ही एकत्र राहिले की सॉफ्टवेअर चुकीचा उचलतं आणि आवाजच येत नाही.